डॉरिस आँटीची सुरी

९ मार्च २०२५

ट्रॉय,

तू मला सगळीकडून ब्लॉक केलंयस म्हणून हा कागद. फोन, व्हॉट्सॲप, इन्स्टा, आपल्या ट्रेकच्या ग्रुपमधूनसुद्धा निघून गेलास. पण उत्तन-पालीच्या पोस्टमनला ब्लॉक करायचं बटण अजून निघालेलं नाही. फाडायचं तर वाचून फाड. आणि डॉरिस आँटीच्या हातात पडू देऊ नकोस, तुझ्या आईला उगाच ताप.

ऑस्ट्रेलियात येऊन सव्वीस दिवस झाले. द्राक्षं तोडतोय. गाव कसलं, एक पेट्रोल पंप, एक दारूचं दुकान आणि आमचं हॉस्टेल. बाकी नुसती माती आणि माश्या. या माश्या हाकलल्या तरी जात नाहीत, नाकात शिरतात. परवा दोन तर मी गिळल्यासुद्धा.

आपली निळी वही बरोबर आणलीय. चार वर्षं रविवारी दुपारी केबिन रोडवरच्या आमच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून केलेलं बजेट, आणि पहिल्याच आठवड्यात त्याची वाट लागली. बेडचे आपण आठवड्याला दीडशे डॉलर धरले होते, इथे दोनशे दहा घेतात. केस कापायचे तर धरलेच नव्हते. चाळीस डॉलर सांगितले, मी म्हटलं ठेव तुझी कात्री, आणि स्वतःच मशीन मारली. आता जेलमधून सुटल्यासारखा दिसतोय. तांदूळ, अंडी, डाळ आपल्या हिशोबात बसतात. बेडचे पैसे वाचवायला सकाळी दोन तास हॉस्टेलचे संडास घासतो, तेवढ्यात बेड फुकट. घरी मी जेवलेलं ताट उचलत नव्हतो. आईला कळलं तर ती आधी रडेल आणि मग मला मारेल.

वहीत जमेच्या बाजूला सगळ्यात मोठा आकडा तुझा आहे. 'ट्रॉय – मासे.' आठवतंय? तू म्हणालेलास, मासे साफ करायच्या कारखान्यात लागलो की दोघांचं राहणं-खाणं माझ्या एका हातावर निघेल, तू नुसता भात लाव. माझ्या नावापुढे आपण लिहिलं होतं, 'पराग – मिळेल ते.' मी ती पानं बदललेली नाहीत.

मी मासे शिकून आलोय, हे तुला माहीत असेलच. डिसेंबर-जानेवारीत रोज सकाळी मी पालीला तुमच्या अंगणात होतो आणि तू आतल्या खोलीत दार लावून. एकदा तरी बाहेर येशील असं वाटायचं. आँटीने मला घोळ, दाढा, सुरमई सगळं चिरायला शिकवलं. बाई कडक आहे हं. चुकलं की सुरीच्या पाठीने बोटांवर सटकन. तेही उजव्याच हाताच्या, आणि चारच बोटांवर, अंगठा सोडून. निघायच्या दिवशी तीच सुरी कापडात गुंडाळून दिली. म्हणाली, घेऊन जा. इथल्या कस्टमवाल्याने ती दोनदा हुंगली.

आता मुद्द्याचं. तुझा व्हिसा १८ नोव्हेंबरला लागला होता. लागल्यापासून एका वर्षात देशात पाय ठेवावा लागतो. म्हणजे १८ नोव्हेंबर २०२५. त्या तारखेनंतर तो कागद भेळेला. तुझं नाव व्हिसाच्या पहिल्या सोडतीत आलं होतं, ट्रॉय. आमच्या बाबांचं म्हाडाच्या सोडतीत सतरा वर्षांत एकदाही आलं नाही, तेव्हा कुठे परळ सोडून भाईंदरला खोली घेतली. असं नाव कोणी वाया घालवतं का?

हाताचं मला माहीत आहे. दोन बोटं गेली, दोन वाकत नाहीत. शटर निसटलं. आपण दोघांनी डॉक्टरला तेच सांगितलं आणि तेच खरं आहे. आणि तू हॉस्पिटलच्या कॉटवरून डाव्या हाताने आपल्या दोघांचे तीन लाख चाळीस हजार माझ्या खात्यात टाकलेस, एक शब्द न लिहिता. मी त्याच पैशाने आलोय. मला वाटलं, तू विषय संपवलास. मग ब्लॉक का केलंस?

इथे एका जर्मनाचं नाक फोडलं परवा. माझा भात सिंकमध्ये ओतला होता त्याने. हॉस्टेलवालीने तंबी दिलीय. विशेष काही नाही.

ये रे. मी आहे इथे.

पराग

२५ मे २०२५

ट्रॉय,

उत्तर नाही. ठीक. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, पण तुझा पीळ मला माहीत आहे, मी काही आजचा नाही.

द्राक्षं संपली. आता समुद्राकाठच्या एका गावात आलोय, मासे साफ करायच्या कारखान्यात. तुझंच काम. पहाटे पाचला सुरू, आत इतकी थंडी की नाकातलं पाणी गोठतं, पायाखाली रक्त आणि बर्फाचा चिखल. पहिल्या दिवशी सुपरवायझर बाईने मला एक मासा दिला आणि घड्याळ बघत उभी राहिली. मी आँटीची सुरी काढली. शेपटीकडून शिरलो, काट्याला घासून वर. काटा बाहेर आला तेव्हा त्यावर मांसाचा कण नव्हता. बाईने विचारलं, कुठे शिकलास? मी म्हटलं, मित्राच्या आईकडे. हे सांगताना काय वाटलं ते लिहीत नाही.

पैसा आहे. पण मध्ये एक जितूभाई आहे. जितेंद्र नाव, बोलायला गोड, आपल्या केबिन रोडच्या साडीवाल्यासारखा. तो कारखान्याला माणसं पुरवतो, त्याच्याच व्हॅनमधून जायचं, त्याच्याच खोलीत सहा जणांनी झोपायचं, आणि या सगळ्याचे तो पगारातून कापून घेतो. वहीत या रकान्याला आपण नावच दिलं नव्हतं. मी लिहिलं, 'जितूभाईचं पोट.'

माझ्या वरच्या बंकवर रोशन आहे, नालासोपाऱ्याचा, माझ्याच वयाचा. साधा माणूस. रोज बायकोला फोन करून आज काय जेवलो ते सांगतो. गेल्या गुरुवारी त्याने जितूभाईला विचारलं की तीन आठवड्यांचा पगार कधी देणार. हिंदीत, अगदी भाई भाई करत. जितूने त्याच्या कानाखाली वाजवली. रोशन पडला, तर त्याच्या पोटात लाथ घातली. एक, आणि मग थांबून अजून एक.

मी जितूला मागून धरलं. बर्फाचा हौद असतो ना मासे टाकायचा, त्यात त्याचं तोंड खुपसलं. तो हातपाय झाडत होता. माझ्या हाताखाली त्याची मान होती, जाड, घामट. मग झाडायचा थांबला. ट्रॉय, मी तेव्हा सोडायला पाहिजे होतं. मला कळत होतं की तो थांबलाय. मी अजून जोर लावला. रोशन माझ्या पाठीवर येऊन लटकला आणि ओरडला, "छोड दे, मर जाएगा." तेव्हा कुठे हात सुटला.

जितू वाचला. नाकातोंडातून बर्फ आणि रक्त, पण वाचला. त्या संध्याकाळी रोशनने गादी उचलली आणि दुसऱ्या खोलीत गेला. ज्याच्यासाठी मी भांडलो तो जितूला नाही, मला घाबरला. मी विचारलं तर खाली बघत म्हणाला, तुला थांबता येत नाही रे.

हे मी तुला का सांगतोय, माहीत नाही. तारीख लक्षात ठेव, १८ नोव्हेंबर.

पराग

१७ ऑगस्ट २०२५

ट्रॉय,

डाव्या कुशीवर झोपून लिहितोय म्हणून अक्षर असं आहे. उजवीकडच्या तीन फासळ्या मोडल्यात. जितूची माणसं. रविवारी कपडे धुवायला गेलो होतो, लॉन्ड्रीच्या मागे गाठलं. तिघे होते. एकाने क्रिकेटचा स्टंप आणला होता, च्यायला, इथे येऊन आपल्याच लोकांनी आपल्याला स्टंपने मारावं. एक दात गेला. मी खाली पडल्यावर एक जण माझ्या मनगटावर बूट ठेवून उभा राहिला. त्याला घाई नव्हती. सिगरेट पेटवली त्याने.

मी त्या बुटाकडे बघत होतो. मला स्टंपचं दुखणं आठवत नाही, बूट आठवतो.

हॉस्पिटलचं बिल विम्यातून गेलं. विम्याचे पैसे वाया, असं मी म्हणत होतो आणि तू वहीत दोनदा गोल करून ठेवलं होतंस. तुझंच खरं झालं. सहा महिन्यांत पहिल्यांदा बसून आहे, काम नाही, म्हणून डोकं चालतंय. आणि डोकं चाललं की सरळ केबिन रोडलाच जातं.

तर लिहितो. शटर निसटलं नव्हतं. मी ओढलं.

२४ नोव्हेंबरचा रविवार. दुपारी दीडला जेवायच्या सुट्टीसाठी मी आतून शटर अर्धं खाली घेतलं होतं. तू बाहेर पायरीवर बसला होतास, उजवा हात आत उंबऱ्यावर टेकून. तू म्हणालास की तिकीट काढलंय, १२ डिसेंबरचं, एकट्याचं. माझं नाव कधी येईल त्याचा भरवसा नाही, तू पुढे होतोस. आपण चार वर्षं म्हणत होतो, जाऊ तर दोघं. वहीच्या पहिल्या पानावर तुझ्याच अक्षरात आहे ते. आणि तू फोनवर तिकीट दाखवत होतास, हसत होतास. चिडवत नव्हतास, हे मला आज कळतं. तुला फक्त आनंद झाला होता.

माझं डोकं सटकलं. मी शटर ओढलं. तुझा हात होता, मला दिसत होता. हे मी कोणाला सांगितलं नाही, तूही सांगितलं नाहीस. का नाही सांगितलंस? तुला अ‍ॅक्टिव्हावर बसवून मीच हॉस्पिटलात नेलं, तू माझ्या पाठीवर डोकं ठेवून होतास, माझा शर्ट भिजला होता. आणि तिथे डॉक्टरसमोर मी म्हटलं निसटलं आणि तू मान हलवलीस.

सोळा दिवसांनी दुसऱ्या सोडतीत माझं नाव आलं. सोळा दिवस दम धरला असता तर आज आपण दोघं इथे एका खोलीत भात कोणी लावायचा यावरून भांडत असतो.

मी तुझ्या तिकिटाचे पैसे बाजूला ठेवलेत. नवीन रकाना केलाय, 'ट्रॉय – येणं.' त्याला हात लावत नाही. एका हाताने जमतील अशी कामंही बघून ठेवलीत. हॉस्टेलचं काउंटर, एका म्हातारीची कुत्री फिरवणं, पॅकिंगला लेबल लावणं. हे वाचून तू मला शिव्या देशील. दे. पण ये. तू आलास तर निदान एक गोष्ट मी मोडलेली नसेल.

पराग

१९ नोव्हेंबर २०२५

ट्रॉय,

काल १८ तारीख होती. मी सुट्टी घेऊन सहा तास बसने शहरात गेलो आणि एअरपोर्टवर बसून राहिलो. तू येणार नाहीस हे माहीत होतं. तरी मुंबईहून येणारी प्रत्येक गर्दी बघत होतो. प्रत्येकाच्या उजव्या हाताकडे.

दुपारी फोन वाजला. भारताचा नंबर. मला वाटलं, तू. डॉरिस आँटी होत्या.

नमस्कार नाही, कसा आहेस नाही. म्हणाल्या, ट्रॉय त्याच देशात आहे, तीन आठवडे झाले. दुसऱ्या टोकाला, कुठे ते सांगणार नाही. कामाला लागलाय. मासे.

मी म्हटलं, आँटी, हात? तर म्हणाल्या, डावा हाय ना. सकाळी त्या मला शिकवायच्या आणि मी भाईंदरच्या बसला लागलो की दुपारी तुझा डावा हात. त्याच पाटावर, त्याच सुरीने. रक्त निघेपर्यंत. मी येऊन गेल्यावर पाट धुवून घ्यायचास म्हणे तू. तिकिटासाठी त्यांनी हातातल्या पाटल्या मोडल्या.

मग म्हणाल्या, "तुझी पत्रं त्यानी फोडली न्हाय. मी फोडली, सगळी वाचली. एक गोष्ट तू अजून लिवली न्हायस."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"निसटलेलं शटर एकदाच लागते, पराग. माझ्या पोराच्या हातावर दोन घाव व्हते."

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बोटांवर सुरीची पाठ बसायची ती चुकलं म्हणून नाही. मी कसंबसं विचारलं की मग मला शिकवलंत का, सुरी का दिलीत, पैसे का टाकायला लावलेत. कारण आता मला कळलं होतं की ते पैसे तू मला माफ करून टाकलेच नव्हतेस.

त्यांचा आवाज चढला नाही. म्हणाल्या, "फ्रँकला कळला असता तर तुला बोटीवर नेला असता, न एकलाच परत आला असता. पोराचा हात गेलाच व्हता. नवरा पण जेलात घालवू? तुला लांब धाडायचा व्हता. धाडला."

तुझ्या बापाला खुनी होऊ द्यायचं नव्हतं म्हणून तुम्ही मायलेकांनी मला विमानात बसवलं. आणि मी इथे बसून हिशोब मांडत होतो, तुला काय काय देऊ केलं म्हणून.

आता ट्रॉय सुखरूप पोचलाय, म्हणून परवा त्यांनी फ्रँक अंकलना सगळं सांगून टाकलंय. अंकल दोन दिवस ओट्यावर बसून जाळं विणतायत, जेवलेही नाहीत. आँटी म्हणाल्या, "राहिलेला लिव. मग माझी सुरी माझ्या हातात आणून दे. पोष्टाने नको." आणि फोन ठेवला.

तर लिहितो. ट्रॉय, तुझ्यासाठी आहे, आणि आँटी, तुम्ही आधी वाचाल हे माहीत आहे.

शटर मी ओढलं ते जोरात आपटून वीतभर वर उसळलं. त्या वेळी तू हात काढू शकला असतास, काढतच होतास. मी शटरच्या खालच्या पट्टीवर पाय दिला. दोन्ही पाय. पूर्ण वजन टाकून उभा राहिलो. आत माझ्या बाजूला तुझी चार बोटं होती, बाहेर तू. बाहेर रस्त्यावर एक जण लाऊडस्पीकरवर दोनशेत तीन टी-शर्ट ओरडत होता. तू ओरडला नाहीस. तू माझं नाव घेत होतास, हळू, मी झोपलोय आणि मला उठवायचंय अशा आवाजात. पराग. पराग. मला वाटत होतं, तू म्हण की जात नाही. तू ते म्हणेपर्यंत पाय काढायचा नाही असं मी ठरवलं होतं. तू म्हणाला नाहीस. फक्त नाव घेत राहिलास.

सात वेळा. मी मोजत होतो. आठव्यांदा आवाज आला नाही तेव्हा मी पाय काढला.

हेच राहिलं होतं.

वहीत शेवटच्या पानावर आपण दोघांची परतीची तिकिटं धरली होती आणि खाली तू लिहिलं होतंस, काही झालं तरी याला हात लावायचा नाही. माझ्या वाट्याचे पैसे तसेच होते. सकाळी तिकीट काढलं, ३० नोव्हेंबरचं. 'ट्रॉय – येणं' यातले आँटीच्या पाटल्यांसाठी आणतोय, घेतल्या तर घेतील. या पत्राच्या दोन प्रती काढल्यात. एक आँटींना, आणि एक घेऊन मी पोलीस स्टेशनला जाईन, पालीहून निघता आलं तर.

रोशनला सगळं सांगितलं. तो म्हणाला, येडा झालास काय, तो म्हातारा तुला सोडणार नाही, सुरी कुरियर कर आणि इथेच राहा. मी म्हटलं, सुरी हातात द्यायचीय. मग त्याने मला धार लावायचा दगड आणून दिला. तशी बोथट सुरी परत देणं बरं दिसत नाही. मी आज दुपारभर बसून धार लावली, तेल पुसलं, आणि आँटीने दिलेल्याच कापडात गुंडाळली.

तुझा पत्ता मी शोधणार नाही. डाव्या हाताने चिरताना काटा आपल्याकडे ठेवू नकोस, सुरी घसरते. मी इथे बघितलंय.

पराग